रेडिओच्या रूपाचा ध्वनिवर्धक

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला, आणि त्या वादांतूनच आजच्या भाषणाचा विषय निघाला आहे. माझी मुलगी दोन वर्षें गिटार शिकत आहे. तिची गिटार विजेवर चालणारी. म्हणजे तिला पोकळ लांकडी पोट नाहीं. तार छेडली तर शेजारीं बसलेल्यासही जेमतेम ऐकूं यावा, इतकाच तिचा स्वतःचा आवाज. तो मोठा करण्यासाठीं ध्वनिवर्धक, म्हणजे आपण ज्याला अँप्लिफायर म्हणतों तो, हवा. बाजारांत तो तयार मिळतो. पण तो घरींच करावा असें तिनें मनांत घेतलें, आणि त्याला आजोबांच्या रेडिओचें रूप द्यावें असेंही ठरविलें. येथपर्यंत कोणाचीच हरकत नव्हती. वाद झाला तो पुढच्या वाक्यावर. ती म्हणाली, "बाबा, आजोबांचा रेडिओ नाहीं तरी बंदच आहे. आंतलें सगळें काढून टाकूं आणि त्याच पेटींत अँप्लिफायर बसवूं."

माझी आई तेथेंच मेथी निवडीत बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं; तिनें फक्त हातांतली जुडी खालीं ठेवली.

हा रेडिओ माझ्या वडिलांनीं माझ्या जन्मापूर्वीं घेतलेला, व्हॉल्व्हचा. खटका फिरविला कीं प्रथम कांचेमागें पिवळा दिवा लागे. आवाज मात्र लगेच येत नसे. आंतील व्हॉल्व्ह तापावयास अर्धें मिनिट लागे, आणि तेवढा वेळ सारें घर त्या उजळलेल्या कांचेकडे पाहात बसे. कांचेवर शहरांचीं नांवें ओळीनें लिहिलेलीं होतीं. जगाचा भूगोल शाळेंत शिकण्यापूर्वीं मीं तेथें वाचला. अशा वस्तूचें अंतरंग काढून नुसतें कवच ठेवावें, हें आईला रुचणें शक्य नव्हतें. परंतु मुलीचेंही म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. कित्येक वर्षें मुका होऊन बसलेल्या रेडिओंतून पुन्हां सूर निघावे, ह्यांत आजोबांचा अनादर कोणता?

त्यावर तिच्या एका मित्रानें निराळाच मार्ग सुचविला. जुन्या रेडिओच्या पाठीमागें ग्रामोफोन जोडण्यासाठीं दोन छिद्रें ठेवलेलीं असत. रेडिओ दुरुस्त करून तेथेंच गिटार जोडावी, म्हणजे कांहींच मोडावयास नको. ही सूचना दिसावयास सर्वांत निरुपद्रवी आणि वस्तुतः सर्वांत घातक होती. त्या काळच्या कित्येक रेडिओंत, विशेषतः ए. सी. आणि डी. सी. अशा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या रेडिओंत, घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं एक तार सरळ आंतील धातूच्या बैठकीलाच जोडलेली असे. ऐकणाऱ्याचा हात फक्त लांकडाला आणि बॅकेलाइटच्या कळांना लागे, म्हणून तें निभावून जाई. पण विजेच्या गिटारच्या तारा तिच्या जोडवायरीमधून बहुधा ध्वनिवर्धकाच्या बैठकीशींच जोडलेल्या असतात. म्हणजे वाजविणाऱ्याचीं बोटें केवळ तारांवर टेकलीं असें आपणांस दिसावें, आणि प्रत्यक्षांत तीं २३० व्होल्टांच्या विजेवर टेकलेलीं असावीं, असा हा प्रकार होऊं शकतो. शिवाय व्हॉल्व्हच्या रेडिओंतील विद्युत्संधारक खटका बंद केल्यावरही कांहीं काळ मोठा दाब धरून ठेवतात. म्हणून जाणकाराच्या हाताशिवाय असा रेडिओ उघडूं नये, आणि त्याला गिटार तर कधींच जोडूं नये. श्रोत्यांनीं ही एकच गोष्ट लक्षांत ठेवली, तरी माझें आजचें भाषण सार्थकीं लागलें असें मी समजेन.

अखेर निकाल असा झाला कीं, जुन्या रेडिओचें रूप घ्यावें, त्याचा देह घेऊं नये. तो जसा आहे तसा राहूं द्यावा. त्याच्या मापानें नवी पेटी करावी, आणि तिच्यांत लहान बॅटरीवर चालणारा, कोणासही धक्का न देणारा ध्वनिवर्धक बसवावा.

रेडिओ आणि गिटार ह्यांची ही सोयरीक आम्हींच जुळविली असें मात्र नाहीं. तारेचें कंपन चुंबकानें टिपणारी गिटार १९३२ सालीं अमेरिकेंत बाजारांत आली. तिच्यासाठीं लागणारे ध्वनिवर्धक रेडिओच्याच व्हॉल्व्हांचे आणि रेडिओच्याच विद्येचे होते. पुढें ह्या धंद्यांत ज्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें, ते लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं त्यांनीं आपलें दुरुस्तीचें दुकान उघडलें. त्यांच्या कारखान्यांतील १९५० च्या दशकांतील ध्वनिवर्धक प्रवासी बॅगांना लावतात तसल्या पिवळसर, चिवट सुती कापडानें मढविलेले असत. हे ध्वनिवर्धक गांवोगांव वाहून न्यावयाचे, तेव्हां बॅगेला जें वस्त्र शोभतें तेंच त्यांना शोभलें. उपयोगांतून शोभा कशी निघते ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

घरीं केलेल्या ध्वनिवर्धकाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लंडनमधील आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभीं क्वीन ह्या वाद्यवृंदांतील जॉन डीकन ह्यांना रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटींत तारा लोंबत असलेली एक विद्युत्फळी सांपडली. डीकन विजेच्या विद्येचे पदवीधर होते. त्यांनीं ती घरीं नेली, पुस्तकांच्या फळीवर ठेवावयाच्या एका लहान लाउडस्पीकरच्या पेटींत बसविली आणि ९ व्होल्टांच्या बॅटरीला जोडली. तिला आवाज कमीजास्त करण्याची कळसुद्धां नव्हती. त्यांचे सहकारी ब्रायन मे ह्यांनीं आपली गिटार तिला जोडली, आणि तिच्यांतून निघणारा मऊ, भरीव स्वर त्यांस इतका आवडला कीं, १९७५ सालच्या 'गुड कंपनी' ह्या गीतांत फुंकून वाजवावयाच्या वाद्यांचा सबंध ताफा त्यांनीं त्या खोक्याच्या मदतीनें गिटारवरच उभा केला. पुढें शोध करतां असें आढळून आलें कीं, ती फळी एका लहानशा ट्रान्झिस्टर रेडिओंतील होती. मे ह्यांची गिटारही घरींच झालेली. १९६३ सालीं वडिलांच्या मदतीनें करावयास घेतलेली. तिचा दांडा एका जुन्या शेगडीच्या लांकडी चौकटीचा, आणि त्यावरील खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांच्या गुंड्यांचे. घरांतील टाकाऊ वस्तूंनाही कान असतात, असें ह्या हकीकतीवरून वाटूं लागतें.

आतां आंतील यंत्राकडे वळूं. गिटारच्या तारांखालीं लोहचुंबक असतो आणि त्याभोंवतीं केंसाहून बारीक तांब्याच्या तारेचे कांहीं हजार वेढे असतात. पोलादी तार कंप पावली कीं त्या वेढ्यांत अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते. तिचा दाब साधारणपणें व्होल्टाच्या दशांशाच्या आसपास. ध्वनिवर्धक ही क्षीण वीज फुगवितो असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. नळाची तोटी फिरविण्यास दोन बोटांचें बळ पुरतें. पण वाहणारें पाणी बोटांचें नसतें, टाकीचें असतें. त्याचप्रमाणें येथें गिटारची वीज तोटी फिरविते आणि बॅटरीची वीज वाहते. बाहेर पडणारा प्रवाह गिटारच्या प्रवाहाची हुबेहूब, परंतु थोरली प्रतिमा असतो.

हें काम आम्ही एलएम ३८६ नांवाच्या आठ पायांच्या चिपकडे सोंपविलें. ती करंगळीच्या नखाएवढी असून पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. कांहीं न जोडतां ती आलेला दाब २० पट करते. पहिल्या आणि आठव्या पायामध्यें १० मायक्रोफॅरडचा संधारक जोडला कीं तो २०० पट होतो. ९ व्होल्टांवर तिच्यांतून सुमारें अर्धा वॅट शक्ति मिळते. अर्धा वॅट हें माप ऐकण्यास क्षुद्र वाटेल. पण लाउडस्पीकर चांगला असेल, तर तेवढी शक्ति एका खोलीस पुरून उरते. एक पथ्य मात्र पाळावें लागतें. ह्या चिपचा प्रवेशमार्ग ५० हजार ओहमांचा, म्हणजे गिटारच्या नाजूक वेढ्यांस जड जाणारा आहे. सरळ जोडल्यास स्वरांतील तकाकी नाहींशी होते. म्हणून मध्यें एक फेट जातीचा ट्रान्झिस्टर बसवून प्रवेश १० लाख ओहमांचा करावा, म्हणजे गिटारवर ओझें पडत नाहीं. आंत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्या. नाहीं तर बाहेरचा आवाज पुन्हां आंत शिरून यंत्र किंचाळूं लागतें.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. बॅटरी ९ व्होल्टांची. तिच्यापाशीं जेवढें आहे त्याहून अधिक मागितलें, तर ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि स्वरांत मूळचे नसलेले उपस्वर मिसळतात. रेडिओच्या बाबतींत ह्याला दोष म्हणतात. गिटार वाजविणारे मात्र हाच दोष मुद्दाम, मोजून मागतात. रेडिओनें दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा सांगावयाचा असतो. गिटारचा ध्वनिवर्धक हा वाद्याचाच एक अवयव असतो.

पेटीचें काम सुरू करण्यापूर्वीं मीं मुलीस एक प्रयोग करावयास सांगितला. सहा इंची लाउडस्पीकर नुसताच टेबलावर ठेवून वाजविला; आवाज पातळ आणि पोरका आला. मग एका मोठ्या फळीस गोल भोंक पाडून तोच त्यावर दाबून धरला; खर्जाचे स्वर एकदम भरून आले. कारण असें कीं, लाउडस्पीकरचा कागदी शंकु पुढें सरकतांना पुढची हवा दाबतो आणि मागची विरळ करतो. मध्यें आड कांहीं नसेल, तर पुढची लाट कडेनें मागें वळून दुसरीस पुसून टाकते. म्हणजे पुढची फळी ही केवळ शोभेची नव्हे. ती आवाजाची अर्धी जननी आहे. ह्या प्रयोगानंतर "पेटी कशी दिसेल?" ह्या प्रश्नाबरोबर "पेटी कशी बोलेल?" हाही प्रश्न आमच्या घरीं विचारला जाऊं लागला.

पेटी १५ इंच रुंद, १० इंच उंच आणि ७ इंच खोल केली. पुढची फळी अर्ध्या इंची प्लायवुडची, बाकीच्या बाजू सागाच्या. जुन्या रेडिओचे वरचे कोपरे गोल होते. तसे आणण्यासाठीं कोपऱ्याच्या आंतून सागाचा त्रिकोणी ठोकळा चिकटविला आणि बाहेरून कानशीनें गोलाई दिली. आंत ठोकळा असल्यामुळें कितीही घासलें तरी सांधा उघडा पडत नाहीं. पाठ बरीचशी मोकळी ठेवली. व्हॉल्व्ह थंड राहावे म्हणून जुन्या रेडिओंच्या पाठीला भोंकें असत. गिटारच्या पुष्कळ ध्वनिवर्धकांचीही पाठ उघडी असते, कारण त्यामुळें स्वर खोलींत मोकळा पसरतो. रूप आणि गुण ह्यांचें असें आपोआप जुळलें कीं करणाऱ्यास फार आनंद होतो. लांकडाला स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचे पातळ हात दिले, आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश-कागद फिरविला. ह्या कामांत घाई केली तर लांकूड तें जन्मभर सांगत राहतें.

लाउडस्पीकरपुढें कोणतें कापड लावावें, ह्यावर दुसरा वाद झाला. मुलीच्या मनांत जुन्या पैठणीचा पदर होता. मीं तिला तो तोंडाशीं धरून फुंकर मारावयास सांगितलें. रेशीम आणि जर ह्यांच्या दाट विणींतून फुंकर पलीकडे जाईना. जेथून फुंकर जात नाहीं, तेथून बारीक स्वरही नीट जात नाहींत. तेव्हां पैठणी बाद झाली. ह्यावेळीं आई उठून आंत गेली आणि आपलें एक जुनें, धुऊन धुऊन विरळ झालेलें सुती लुगडें घेऊन आली. त्यांतून फुंकर सहज गेली. इतक्या वेळां धुतलें गेल्यामुळें तें आतां आटण्याचीही भीति नव्हती. कापड चौकटीवर ताणतांना प्रत्येक बाजूच्या मध्यावर पहिली चूक ठोकावी आणि तेथून कोपऱ्यांकडे जावें. कोपऱ्यापासून आरंभ केल्यास सुरकुती पडते, आणि सैल कापड स्वराबरोबर फडफडतें. लुगड्याचा कांठ आम्हीं शंकूवर येऊं दिला नाहीं. खालच्या फळीवर पट्टीसारखा चिकटविला. तेथें तो दिसतो, आणि आवाजाच्या वाटेंत येत नाहीं.

सर्वांत अधिक वेळ लागला तो नांवांच्या कांचेला. जुन्या रेडिओवर नांवें लंडन, कोलंबो अशीं होतीं. आमच्या यंत्राला स्टेशनें नाहींत, मग नांवें कोणतीं लिहावीं? मुलीनें आजीस विचारून आजोबांच्या बदल्यांचीं गांवें क्रमानें लिहून काढलीं: रत्नागिरी, सातारा, सोलापूर, नागपूर आणि शेवटीं पुणें. आवाजाची कळ फिरविली कीं कांटा रत्नागिरीहून निघतो आणि पूर्ण आवाजास पुण्याला पोंचतो. ह्यासाठीं जुन्या रेडिओंतलीच दोऱ्याची युक्ति वापरली. कळेच्या दांड्यावर एक चकती, तिच्यावरून दोन लहान चाकांमार्गें फिरणारा दोरा, त्याला ताण देणारी एक स्प्रिंग, आणि दोऱ्यावर बसविलेला कांटा. कळ सुमारें ३०० अंश फिरते, म्हणजे पूर्ण फेऱ्याचा पांच-षष्ठांश भाग. आणि कांटा ८ इंच सरकावयास हवा होता. म्हणून चकतीचा परीघ ९.६ इंच, अर्थात्‌ व्यास सुमारें ३ इंच ठेवावा लागला. शाळेंत ज्या गणितावर मुलीनें नेहमीं तोंड वांकडें केलें, तें तिनें येथें न सांगतां तीनदां करून पाहिलें. अक्षरें पातळ कागदावर काळ्या शाईनें लिहून तो कांचेच्या मागें चिकटविला, आणि त्यामागें पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा बसविला. दिव्याला एक हजार ओहमांचा रोधक जोडल्यामुळें तो सुमारें ६ मिलिअँपियर एवढीच वीज घेतो. बॅटरीही चौकोनी लहान न घेतां दीड व्होल्टांचे साधे सहा सेल एकापुढें एक जोडले; दाब तोच, पण आयुष्य कितीतरी अधिक.

कळा तीन. त्यांना मराठी नांवें द्यावयाचीं ठरलें. पहिली 'आवाज'. दुसरी स्वर चिरका, खरखरीत करणारी. तिला 'धार' हें नांव मुलीनें सुचविलें. तिसरी वरचे तीक्ष्ण स्वर कमी करणारी, तिला आई म्हणाली, "मग ती 'गोडी'." ह्याहून चांगलें नांव मला सुचलें नसतें.

सर्व झाल्यावर पेटीची परीक्षा घ्यावयाची असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचें कंपन सेकंदाला सुमारें ८२ वेळां होतें. तेथून आरंभ करून एकेक स्वर सावकाश वर चढत जावें आणि पेटींत कोठें कांहीं कुरकुरतें कीं काय तें ऐकावें. प्रत्येक सैल वस्तु आपल्या एका ठराविक स्वराची वाट पाहात असते. आमच्या पेटीला शोभेसाठीं लावलेली पितळी पट्टी एका स्वरावर झणझणूं लागली. तिच्याखालीं लोकरीच्या कापडाची पातळ पट्टी घातली तेव्हां ती गप्प झाली. कांटा कांचेला घांसत होता; तो केंसभर मागें वांकविला. पेटीवर लावावयाचा एक पितळी मोर मात्र कांहीं केल्या शांत होईना. मुलीनेंच तो काढून टाकला. दोन महिन्यांपूर्वीं तिनें तो काढूं दिला नसता.

माझ्या मतें अशा कामाचें सारें मर्म येथें आहे. वस्तूवर बाहेरून लादलेली शोभा पहिल्या खर्जाबरोबर खडखडूं लागते. जी तिच्या कामांतून किंवा घरच्या आठवणींतून आलेली असते, ती टिकते. फार साहित्य लागत नाहीं, फार पैसाही लागत नाहीं. लागतो तो वेळ, आणि कोणती वस्तु मोडावी व कोणती मोडूं नये ह्याचा विचार.

पहिल्या दिवशीं संध्याकाळीं सगळे जुन्याच जागीं बसलों. कपाटावर वडिलांचा रेडिओ, आणि खालीं मेजावर त्याचें हें धाकटें भावंड. मुलीनें खटका फिरविला, कांचेमागें पिवळा दिवा लागला, आणि त्याच क्षणीं पहिला सूर निघाला. आई दिव्याकडे पाहात सवयीप्रमाणें थांबली होती. ती थोडी दचकली, आणि मग म्हणाली, "ह्याला तापायला वेळ लागत नाही वाटतं."

मुलगी हंसली. पण दुसऱ्या दिवसापासून मी पाहतों आहें, दिवा लावल्यावर ती लगेच वाजवीत नाहीं, क्षणभर थांबते.